रत्तमच्या ओढ्यात कोणी नाही

हाज्ज मीलूद यांना एका जागी बसवायचं म्हणजे बकरीला खुर्चीत बसवायचं. बावीस वर्षं त्यांनी पाण्याचा टँकर चालवला, बीर नसरा गावापासून पठारावरच्या तळांपर्यंत आणि परत, आणि मग पाठीच्या मणक्यानं दगा दिला. त्रिपोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, आता स्टिअरिंग विसरा. माणूस घरी आला आणि पाय भाजलेल्या मांजरासारखा अंगणात फिरायला लागला. दार उघड, दार लाव, चहा ठेव, ठेवलेला चहा विसर. त्यांची बायको आधीच वारली होती. नसती वारली तर त्या वर्षी नक्की वारली असती, असं माझी आई म्हणायची.

मग लढाईचं वर्ष आलं. कोणी कोणावर गोळ्या झाडल्या ते सांगत बसत नाही, त्यानं माझंच डोकं फिरतं. आमच्यापुरतं एवढंच झालं की मोबाइलचा टॉवर पडला तो पुन्हा उभा राहिला नाही, आणि गाडीत बसवायचे वायरलेस सेट बाजारात कांद्यांसारखे विकायला आले. महिन्याभरात प्रत्येक गाडीच्या टपावर अँटेनाची काडी दिसायला लागली. सेट आले, पण शिस्त कुठून येणार? चार जण एकदम बोलायचे आणि कुणालाच काही ऐकू यायचं नाही. एकानं तर चुकून बटणावर बूड ठेवून अख्खं जेवण उरकलं आणि सगळ्या गावानं त्याचं चावणं ऐकलं.

हाज्ज तरुणपणी फौजेत वायरलेसवर होते. त्यांना हा गोंधळ सहन होईना. त्यांच्याकडे एक जुनी टोयोटा पिकअप होती, तिच्यात इंजिनसुद्धा उरलं नव्हतं. ती त्यांनी ट्रॅक्टरला बांधून गावामागच्या टेकडीवर ओढून नेली. डॅशबोर्डखाली सेट बसवला, मागच्या हौद्यात दोन बॅटऱ्या आणि सौर पॅनेल ठेवलं, आणि शेजारी लोखंडी पाइप रोवून त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना चढवला. पाइपला आडवा दांडा होता. तो धरून अँटेना हव्या त्या दिशेला वळवता यायचा. ज्या माणसाला गाडी चालवायची बंदी होती, तो आता रोज सकाळी गाडीत जाऊन बसायला लागला. बोलताना त्यांचा डावा पाय क्लचवर दाबला जायचा आणि बोलणं संपलं की सुटायचा. क्लचच्या रबराला भोक पडलं, पण सवय गेली नाही.

त्यांनी प्रत्येक गाडीला नंबर दिला. मी, फराज, नऊ नंबर. आणि ते स्वतः टेकडी. बोलायचं कसं हे त्यांनी मोठ्या मोठ्या दाढीवाल्यांना पोरांसारखं शिकवलं. बटण दाब, एक श्वास घे, मग बोल. बोलून झालं की सोड आणि गप्प बस, दुसऱ्यालाही तोंड आहे. चुकलं की उघड्या चॅनेलवर सगळ्यांदेखत झाडायचे. मला एकदा म्हणाले, "नऊ, तू सेटवर बोलतोयस, विहिरीत पडलेल्या म्हशीला हाका नाही मारत." त्यानंतर आठवडाभर बाजारात मला सगळे म्हैस म्हणत होते.

तर तर्फासचं. हिवाळ्यात पठारावर पाणी पडलं की जानेवारीअखेर तर्फास निघते. जमिनीखाली वाढणारी अळंबी ती, बटाट्याएवढी. वरून जमिनीला फक्त एक बारीक भेग पडते. ती ज्याला दिसते त्यानं काठीनं उकरायचं. चांगल्या तर्फासला त्रिपोलीचे व्यापारी मटणाहून जास्त भाव देतात. त्यामुळे त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सख्खा भाऊ भावाला जागा सांगत नाही. बाप मरताना मुलाला सांगतो, तेही बाकीच्यांना खोलीबाहेर काढून.

पण पठार म्हणजे चेष्टा नाही. गाडी बंद पडली आणि कुणाला पत्ता नसला तर माणूस दोन दिवसांत वाळून जातो. म्हणून हाज्जनी नियम घातला की रोज दुपार कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली, की प्रत्येक गाडीनं टेकडीला हाक मारायची आणि आपली जागा आणि तब्येत सांगायची. सगळ्यांना नियम पटला. आणि पहिल्या दिवसापासून सगळे खोटं बोलायला लागले.

बोलणारच. चॅनेल उघडा, बाजारातला प्रत्येक दुकानदार सेटला कान लावून बसलेला. खरी जागा सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जत्रा भरली असती. मग कोणी एक ओढा सोडून अलीकडचा ओढा सांगायचा, कोणी उत्तरेचं दक्षिणेला ढकलायचा. सगळ्यांची आवडती थाप म्हणजे रत्तमचा ओढा. रत्तमच्या ओढ्यात माझ्या आजोबांच्या काळापासून एक तर्फास निघालेली नाही, त्यामुळे तिथे आहे म्हटलं की कोणी मागे यायची भीती नसायची. काही दिवस असे जायचे की हाज्जच्या वहीत सात गाड्या रत्तममध्ये असायच्या. ते प्रत्येकाला शांतपणे म्हणायचे, "रत्तम. लिहून घेतलं. तब्येत?" आवाजात ना हसू ना संशय. म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं आम्ही समजायचो आणि आपापसात डोळे मिचकावायचो.

आमच्यात सगळ्यात पक्का म्हणजे आशूर, सतरा नंबर. हाज्जच्या धाकट्या बहिणीचा, मब्रूकाचा नवरा. पन्नाशीचा माणूस, साखरेचा आजार, आणि तोंडाला असं कुलूप की बायकोलासुद्धा जागेबद्दल ताकास तूर लागू देत नसे. तो दर वर्षी सगळ्यांच्या दुप्पट तर्फास आणायचा. त्याच्या गाडीच्या चाकांचे माग काढायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तो मला गोल फिरवून गावातच घेऊन आला.

त्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, मी गावातच होतो, टायर बदलत. साडेअकराच्या सुमाराला सेटवर आशूरचा आवाज आला. मागच्या चाकाचा एक्सल तुटला होता. नवा घेऊन कुणाला तरी असरपर्यंत पाठवा, म्हणाला. कुठे आहेस, असं हाज्जनी विचारलं. "रत्तमच्या ओढ्यात," तो म्हणाला, आणि बॅटरी वाचवायची म्हणून सेट बंद करतो, असंही म्हणाला. आवाज अगदी थंड होता. हाज्जनी मला हाक मारली. मी मेकॅनिककडून एक्सल घेतला आणि एक वाजता निघालो.

निघालो तेव्हाच दक्षिणेकडून वारा सुटला होता. गिब्ली. अर्ध्या वाटेवर आकाश पिवळं झालं आणि बॉनेटच्या पुढचं दिसेना. रत्तमला पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. ओढा वरपासून खालपर्यंत दोनदा हिंडलो. गाडी नाही, माणूस नाही, चाकाचा माग नाही.

मी टेकडीला कळवलं की इथे कोणी नाही.  मग हाज्ज म्हणाले, थांब जरा, आशूर येईल. येईल म्हणजे कुठून येईल, हे मी विचारलं नाही. थांबलो. साडेतीन वाजले. मग हाज्जचा पुन्हा आवाज आला, या वेळी जरा चाचरत. नैऋत्येला काळ्या पाठीच्या बाजूला जाऊन बघ, म्हणाले.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि ते सांगताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. मला वाटलं, हे दोघं मेहुणे मिळालेले आहेत. आशूर इथेच कुठेतरी आहे, रत्तममध्ये या वर्षी खरंच तर्फास निघालेली आहे, आणि मी ती बघू नये म्हणून म्हातारा मला पंधरा किलोमीटर लांब हाकलतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी सेटवर म्हणालो, तो रत्तम म्हणालाय, मी रत्तममध्येच शोधतो. आणि गाडीतून काठी काढून, खाली मान घालून, वाऱ्यात भेगा शोधत फिरायला लागलो. वीस मिनिटं. एक माणूस मरत होता आणि मी बटाटे धुंडाळत होतो.

तिकडे टेकडीवर काय चाललं होतं ते मला नंतर मब्रूकानं सांगितलं. वारा सुटल्यावर ती वर धावत गेली होती. हाज्ज गाडीत बसायचे, उतरायचे, अँटेनाचा दांडा धरून वळवायचे, परत येऊन बसायचे. मणका सांभाळायचं भानही राहिलं नव्हतं. तिनं विचारलं, आशूर कुठंय. ते पुन्हा दांड्याकडे निघाले. ती म्हणाली, तो सकाळी साखरेची गोळी घेऊन गेलाय आणि भाकरी घरी विसरलाय, भाऊ, मला नीट सांग. तेव्हा त्यांनी सांगितलं.

दूरची गाडी बोलली की आवाज बारीक येतो. तो नीट ऐकायचा तर अँटेना त्या दिशेला वळवावा लागतो. थोडा इकडे, थोडा तिकडे, जिथे आवाज भरतो तिथे थांबायचं. आवाज भरला म्हणजे माणूस त्या रेघेवर आहे. किती लांब आहे ते सेटवरच्या काट्यावरून कळतं आणि कोणत्या टेकाडाआड आहे ते आवाज कसा तुटतो त्यावरून. हाज्जना ते कळून घ्यायचं नव्हतं, पण ऐकायचं असेल तर कळणारच. आम्ही चार वर्षं रत्तम रत्तम म्हणून थापा मारत होतो आणि हा माणूस दांडा हातात धरून प्रत्येकाच्या जागेकडे तोंड करून उभा असायचा. कुणाची जागा कुठे आहे, कधी बदलली, कोण कुणाच्या जागेत चोरून शिरला, सगळं त्यांच्या पोटात होतं. बाहेर काही आलं नाही. वहीतसुद्धा आम्ही सांगितलेलं खोटंच लिहिलेलं असायचं.

आणि त्या दिवशी आशूरचा आवाज काळ्या पाठीकडून आला होता.

मग गाडीजवळ तो सेट का लावत नव्हता, एक्सल घेऊन येणाऱ्याला भेटणार कसा होता? हाज्जना आधी वाटलं होतं की मेहुणा नेहमीप्रमाणे काहीतरी जुळवून घेईल. नंतर त्यांच्या लक्षात आलं. आशूरनं विचार केला असणार की एक्सल यायला तीन तास लागतील, तेवढ्यात आपण पंधरा किलोमीटर चालत रत्तमला जाऊन बसू. एक्सल हातात घेऊ, आणणाऱ्याला वाटेला लावू, आणि रात्री गाडीकडे परतू. म्हणजे जागा कुणाला दिसायला नको. हे दुसऱ्या गावच्या माणसाला वेडेपणा वाटेल. आमच्यातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, मीही हेच केलं असतं.

पण वारा त्याच्या हिशेबात नव्हता. उपाशीपोटी घेतलेली गोळीही नव्हती.

हाज्जपुढे आता दोन गोष्टी होत्या. गप्प बसायचं, तर बहिणीचा नवरा जातो. बोलायचं, तर उघड्या चॅनेलवर बोलायचं, आणि बोलल्याबरोबर सगळ्यांना कळणार की टेकडीला प्रत्येकाची जागा माहीत आहे. मग कोण कशाला हाक मारेल? टँकर गेला, पाठ गेली, बायको गेली. ही एक गाडी उरली होती. मब्रूका म्हणते, त्यांनी बटणावर अंगठा ठेवला आणि एक श्वास घेतला. तो श्वास मात्र फार लांब होता.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "सतरा रत्तममध्ये नाही. त्याची गाडी काळ्या पाठीच्या पूर्वेच्या उतारावर आहे. तो गाडी सोडून पायी रत्तमकडे निघालाय आणि वाऱ्यात अडकलाय. जो जवळ असेल त्यानं निघा."

मी मूर्खासारखा बटण दाबून विचारलं, "हाज्ज, तुम्हाला काय माहीत?"

"नऊ, गेल्या मंगळवारी तू मला खालची विहीर म्हणालास," हाज्ज म्हणाले. "आणि होतास दोन बहिणींच्या मधल्या खळग्यात. शनिवारीही तिथेच होतास. मागच्या वर्षीही तिथेच. आता विश्वास बसला? तर काठी टाक आणि गाडीत बस."

दोन बहिणी म्हणजे पूर्वेची जोड टेकाडं. त्यांच्यामधला खळगा माझ्या वडिलांनी मला दाखवला होता, मरायच्या आधी, खोली रिकामी करून. तो हाज्जनी बाजारभर जाहीर केला. माझ्या कानशिलांत आग पेटली. ते त्या क्षणी समोर असते तर मी काय बोललो असतो कोण जाणे. पण काठी टाकली आणि गाडीत बसलो, कारण एवढं खरं सांगणारा माणूस आशूरबद्दलही खरंच सांगत असणार.

त्यानंतर दोन तास चॅनेलवर फक्त हाज्ज बोलत होते. अकरा गाड्या निघाल्या होत्या. सरळ रेघेवर शोधू नका, ते म्हणाले. वारा दक्षिणेचा आहे, चालणारा माणूस तोंड वळवतो आणि नकळत डावीकडे सरकत जातो. रेघेच्या उत्तरेला शोधा. दर पाच मिनिटांनी ते सगळ्यांना थांबायला लावायचे. इंजिन बंद, तीन वेळा हॉर्न, मग काच खाली करून ऐकायचं. मग प्रत्येकाला नंबरानं विचारायचे. एकदा एका गाडीनं मध्येच काही बोलायचा प्रयत्न केला, तर तिला असं झाडलं की पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. त्यांच्या बोलण्याच्या मागे मब्रूकाचं पुटपुटणं ऐकू यायचं. ती दुआ म्हणत होती.

मावळतीला पाऊण तास असेल. हॉर्न वाजवून मी काच खाली केली आणि मला धातूवर दगड आपटल्यासारखा आवाज आला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आशूर बसला होता, पगडी नाकातोंडाला गुंडाळून, आणि पाण्याच्या रिकाम्या डब्यावर खडा आपटत होता. अंग गार, घामानं चिंब, डोळे कुठेतरी भलतीकडे. मला ओळखलं नाही. आणि त्याच्या मांडीवर पोतं होतं. पंधरा किलो तर्फास. हा माणूस मरणाच्या वाटेवर पंधरा किलोचं ओझं पाठीवर घेऊन चालला होता, कारण गाडीत ठेवलं तर कोणी नेईल.

मी थर्मासमधल्या चहात साखर कोंबली आणि त्याच्या घशात ओतली. मग खजूर चावून मऊ करून त्याच्या तोंडात घातले, लहान मुलाला घालतात तसे. पंधरा मिनिटांनी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं आणि ते जवळ ओढलं. मी टेकडीला कळवलं, सापडला, जिवंत आहे.  मग हाज्ज म्हणाले, "लिहून घेतलं." आणि चॅनेल मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाताला सलाईन लावलेल्या आशूरनं पहिला प्रश्न विचारला, माझी जागा कुणी सांगितली. हाज्ज खाटेच्या पायथ्याशी उभे होते, कधी या पायावर तर कधी त्या पायावर. मी, म्हणाले. आशूरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मब्रूकानं त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, दोन शब्द सुनावले. तरी त्यानं तोंड वळवलं नाही.

त्याच सकाळी चाळीस गाड्या काळ्या पाठीला गेल्या होत्या. त्यांतली एक माझी होती. लपवत नाही. मी स्वतःला म्हणालो, दोन बहिणींमध्ये आता लोक शिरलेच आहेत, मग मी तरी का मागे राहू. अकरा किलो आणली. तीन दिवसांत दोन्ही जागा नांगरल्यासारख्या झाल्या.

पुढच्या वर्षी पाणी उशिरा पडलं, पण चांगलं पडलं. आम्ही पठारावर गेलो. असरच्या वेळी हाज्जचा आवाज आला, "टेकडी ऐकतेय. नंबरवार बोला." कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असं नाही की आम्हाला ऐकू येत नव्हतं. सगळ्या गाड्यांत सेट लावलेले होते, सगळे ऐकत होते. फक्त कुणाचा अंगठा बटणावर जात नव्हता. काही जणांनी उपग्रहाचे फोन घेतले. काहींनी घरच्यांना कागदावर लिहून ठेवायला सुरुवात केली. उरलेले अल्लाच्या भरवशावर होते.

गावात त्यांना कोणी वाईट बोललं नाही. सलाम व्हायचा, लग्नाचं आमंत्रण जायचं. पण ते बैठकीत आले की तर्फासचा विषय बंद व्हायचा आणि लोक टायरबद्दल बोलायला लागायचे. त्यांना ते कळत होतं. ते दोन घोट चहा घेऊन उठायचे. दिवसातून चारदा टेकडी चढायचे, चारदा उतरायचे. मी खालून बघायचो, अँटेना फिरतोय. कुणी बोलत नसताना तो कशाकडे वळवत होते देव जाणे.

एके दिवशी मब्रूकाच्या दारावरून जात होतो. तिनं मला थांबवलं. आशूर बरा होता, पण वर्षभरात हाज्जशी एक शब्द बोललेला नव्हता. तिनं दोघांना एका ताटावर बाझीन, म्हणजे जवाच्या पिठाचा गोळा आणि रस्सा, खायला बसवून पाहिलं होतं. दोघं गपचूप खाऊन उठले होते. मला म्हणाली, "फराज, तुझी बटाटी गेली आणि माझा नवरा राहिला. तुला यातलं कुठलं शिजवून खायचं होतं ते सांग."  ती म्हणाली, "माझा भाऊ रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो. तुम्ही त्याला जिवंत पुरलाय." आणि दार लावून घेतलं.

तीन दिवसांनी मी पठारावर होतो, पूर्वेला, एका नव्या जागी. कुठे ते सांगत नाही. असरच्या वेळी नेहमीप्रमाणे हाज्जचा आवाज आला. त्या दिवशी ते नंबरवार बोला असं म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "टेकडी. कोणी आहे का?" आणि बटण सोडलं.

मला ते असह्य झालं. मी माइक उचलला. खरी जागा सांगावी असं क्षणभर वाटलं, पण मग वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होईल. तुम्हाला कळतंच, मग लपवून काय उपयोग, असं. आणि मला तसं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं की माझी जागा तुमच्या पोटात ठेवा. मी बटण दाबलं, श्वास घेतला.

"टेकडी, इथे नऊ. रत्तमच्या ओढ्यात आहे. तब्येत बरी."

 मला माहीत होतं की ते गाडीतून उतरून दांड्यापाशी गेले असणार. रत्तम तिथून दक्षिणेला, मी पूर्वेला.  तेवढ्यात सेट खरखरला आणि दुसराच आवाज आला.

"टेकडी, इथे सतरा." आशूर होता. "हा नऊ खोटं बोलतोय, हाज्ज. रत्तमच्या ओढ्यात सकाळपासून मी बसलोय. इथे दुसरं कोणी नाही."

मी माइक मांडीवर ठेवून दिला.  मग टेकडीचं बटण दाबल्याचा आवाज आला, मग श्वास, मग पुन्हा श्वास.

"नऊ, रत्तम," हाज्ज म्हणाले. "सतरा, रत्तम. दोघांचं लिहून घेतलं."  बटण मात्र दाबलेलंच होतं, ज्याबद्दल त्यांनी आम्हाला जन्मभर झाडलं असतं. शेवटी म्हणाले, "सतरा, भाकरी नेलीस का?"

"नेली, हाज्ज. खाल्ली पण."

मग तेवीस नंबरनं हाक मारली. तोही रत्तममध्ये होता.